दुपारच्या फर्माईशीचा आवाज

भाऊ, आज जुन्या गावात काम होतं. तुमचं बांगड्यांचं दुकान होतं तिथे आता मोबाईल विकतात. उन्हात चालून पाय दमले होते, म्हणून त्या पायरीवर जरा टेकले. घरी आल्यावर तुम्हाला लिहावंसं वाटलं.

कॉलेजच्या त्या उन्हाळ्यात मी रेडिओ केंद्रावर शिकायला आले, तेव्हा तुम्ही सकाळी दुकान उघडायचात आणि दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम करायचात. पक्की नोकरी नव्हती, बोलावलं की यायचं. माझं काम म्हणजे रेकॉर्डी पुसून ठेवायच्या आणि श्रोत्यांची पोस्टकार्डं गावांप्रमाणे लावायची. माईकला हात लावायचा नाही, असं केंद्राच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाहेर अंगाची लाही व्हायची आणि आत थंडगार. "हे ए.सी. आपल्यासाठी नाई पोरी, मशीनसाठी हाये. आपण फुकटात बसून राह्यलो," असं तुम्ही हसत म्हणायचात. रिकाम्या स्टुडिओत मला कार्डं वाचायला लावायचात. एकदा एका नावावर मी अडखळून थांबले तर रागावलात. "चुप काऊन राह्यली? तिकडे सिरोंच्याचा माणूस समजते रेडिओचे सेल गेले. तो सेल काढून उन्हात ठेवते, तवर त्याचं गाणं निघून जाते."

मे महिन्यात तुमचा आवाज फाटायला लागला. खिशात ज्येष्ठमधाची काडी असायची. एका दुपारी प्रक्षेपणाचा लाल दिवा लागायच्या आधी तुम्ही बोलून पाहिलं आणि नुसती हवा आली. मग खुर्ची माझ्याकडे सरकवलीत, माझ्या हातांकडे पाहिलंत आणि घोगऱ्या आवाजात म्हणालात, "बांगड्या काढ. माईकमधी वाजतात. विकतोबी मीच अन् काढायलेबी मीच सांगून राह्यलो." जिवती गावाकडचं कार्ड आहे, त्यात अख्ख्या मोहल्ल्याची नावं आहेत. मी वाचते आहे, तुम्ही रेकॉर्डवर सुई ठेवता आहात आणि बोटाने खूण करता आहात, सावकाश, सावकाश.

कार्यक्रम संपल्यावर म्हणालात, "साहेबाले सांगू नको. आवाज बसलेल्या माणसाले कोणी बोलावत नाई." त्यानंतर रोज तसंच चाललं. कळलं असतं तर तुमची दुपार गेली असती आणि माझं प्रमाणपत्र.

साहेब एक दिवस गाणं चालू असताना आत आले. "कोण बोलतंय हे?" मी हातातलं कार्ड खाली ठेवलं. तुम्ही उठून उभे राहिलात. "पोरगी बोलते साहेब. मीच बसवलं तिले. माझा गळा गेला. नागपूरच्या डाक्टरले दाखवलं." नागपूरचं मलाही तेव्हाच कळलं. साहेबांनी फिरत्या रेकॉर्डकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढचं कार्ड घ्या. गाणं संपत आलं."

मला प्रमाणपत्र मिळालं आणि तुमच्या दुपारी मला बोलावणं येऊ लागलं. मला आनंद झाला नाही, नाही म्हणावंसंही वाटलं नाही. तुम्ही दुकानात रेडिओ लावून बसायचात, मी गेले की नुसती मान हलवायचात. श्रोते तुमची चौकशी करायचे. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी म्हणायचे, भाऊ सुट्टीवर आहेत, लवकरच येतील.

थंडीत तुम्ही गेलात. तुम्हाला नेलं त्या दुपारी मी स्टुडिओत होते. कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं, भाऊंना सलाम. मी वाचलं, आणि भाऊ सुट्टीवर आहेत म्हटलं. पुढेही कित्येक दिवस म्हणत राहिले. साहेबांनी अडवलं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एवढं सांगायचं राहिलं होतं. तुमच्या घरी फर्माईशीच्या वेळी भाभी रेडिओ लावून बसतात, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणत होते, भाऊ सुट्टीवर आहेत, लवकरच येतील.