एकच शर्ट, दहा फोटो

२ मार्च, सकाळी ७.३०
बायकोच्या व्हिजिटर व्हिसाचं काम आजपासून हातात घेतलं. लग्नाला वर्ष उलटलं तरी सासू-सुनेची भेट नाही. बायको परदेशी, तिकडेच नर्स. लग्नही तिकडेच झालं, आईला प्रवास झेपणारा नव्हता. आता ७ एप्रिलला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ८ ला पट्टी सुटणार. आईने जाहीर केलंय, पट्टी सुटली की आधी सून बघणार, मग डॉक्टर. सध्या व्हिडिओ कॉलवर तिला सून म्हणजे नुसता पांढरा ढग दिसतो. ढग रोज विचारतो, आई, जेवलात का? तेवढंच मराठी येतं. आई त्यावरच खूश.

ताई म्हणाली, एजंटकडे दे. मला हसूच आलं. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो काढण्यात ज्याची अठरा वर्षं गेली त्याला एजंट! आठवडाभरात व्हिसा हातात.

४ मार्च
फॉर्म उघडला. तेवढ्यात स्टुडिओत गिऱ्हाईक. परत येतो तर फॉर्म आपोआप बंद. पुन्हा श्रीगणेशा.

५ मार्च
बायकोच्या आजोबांचं जन्मगाव विचारलंय. तिला फोन केला. गावाच्या नावात सतरा अक्षरं. बायको म्हणाली, फॉर्म मीच भरते ना, आजोबा माझे आहेत. मी म्हटलं, तू निवांत राहा, मी आहे ना.
उद्यापासून रोज एक पान भरायचंच.

११ मार्च
एक पान भरलं. पण फोटोचं काम झकास! बायकोने पाठवलेला फोटो अगदीच साधा होता. डाव्या गालावर तो मसुराएवढा तीळ. आपल्या घरचं माणूस सरकारी माणसासमोर कसं नीटनेटकं जायला हवं. तीळ काढला. डोळ्यांखालची वर्तुळं काढली. हनुवटी जरा कोरली. स्टुडिओच्या काचेत लावावा असा फोटो झालाय.

१३ मार्च, दुपारी
नवरा-बायकोचे सोबतचे दहा फोटो मागितलेत. हार्डडिस्क पालथी घातली. बायकोचे चार हजार फोटो, आणि माझा एकही नाही! सगळे मीच काढलेले. एकात माझी सावली आहे, एकात अंगठा. लग्नात तिच्या मैत्रिणीने काही काढले होते, पण त्यात माझे डोळे मिटलेले, तोंडात घास, हनुवट्या दोन. ते डिलीट कर म्हणून बायकोला तेव्हाच बजावलं होतं.

१३ मार्च, संध्याकाळी
सुचलं! आकाशी शर्ट घालून स्वतःचा एक फर्स्ट क्लास फोटो काढला आणि दहाही फोटोंत तिच्या शेजारी बसवला. सावल्यासुद्धा जुळवल्या. यात खोटं काही नाही. मी तिथे होतोच की, फक्त कॅमेऱ्याच्या मागे.

१५ मार्च
अर्ज गेला. ताईला मुद्दाम फोन करून कळवलं. आईने सुनेची खोली लावायला घेतली. दिसत नाही, त्यामुळे एकाच उशीला दोन अभ्रे घातले.

२४ मार्च
बायकोला तिकडच्या व्हिसा ऑफिसात बोलावलं होतं. आत्ता तिचा फोन आला. आवाज थंडगार. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं म्हणे, पासपोर्टवर तीळ आहे, इथला कुठे गेला? मग त्यांनी दहाही फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. समुद्रावर, बागेत, भर बर्फात, सगळीकडे नवरा त्याच अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, तसाच हसतोय. बाई म्हणाल्या, हा माणूस खरोखर आहे का?
अर्ज नामंजूर. लग्नावरच संशय.
बाईंना फोटोतलं काही कळत नाही, असं मी म्हटलं. बायकोने एवढंच विचारलं, तीळ का काढलास? आणि फोन ठेवला.

२५ मार्च
ताईने आईला सांगून टाकलं. आई म्हणाली, मग ऑपरेशन पुढे ढकला, मला काही घाई नाही. डॉक्टर म्हणाले, आता ढकललं तर डोळा हाताबाहेर जाईल. आई म्हणाली, जाऊ दे.
दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून रडलो. चूक माझी आहे. बरीचशी.

३० मार्च
व्हिसा मिळाला!! बायकोने मला न सांगताच स्वतः पुन्हा अर्ज केला होता. फॉर्म वीस मिनिटांत भरला, आजोबांच्या गावासकट. फोटो स्टेशनवरच्या मशीनमधला, तिळासकट. आणि सोबतचे फोटो? मैत्रिणीने काढलेले तेच! डिलीट केलेच नव्हते बाईसाहेबांनी. म्हणाली, तेच तर माझे आवडते आहेत. घासवाला फोटो बघून खिडकीवरच्या बाई खो-खो हसल्या. म्हणाल्या, आता पटलं, असा नवरा कोणी मुद्दाम बनवणार नाही.
अर्थात, पाया मी रचून ठेवला होता म्हणूनच हे इतक्या पटकन झालं.

८ एप्रिल
पट्टी सुटली. आईने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघतच राहिली. मग तिळावर बोट ठेवून मला म्हणाली, हा पुसत होतास होय रे, मेल्या? बायको म्हणाली, आई, जेवलात का? दोघी हसत हसत रडायला लागल्या. मीही. मग आईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तू एवढा कधी सुटलास?
टायमर लावून तिघांचा फोटो काढला. मी काढलेल्यांपैकी मी बायकोशेजारी खराखुरा असलेला पहिला फोटो. बायकोने बजावलं, याला हात लावायचा नाही. शपथ घेतली.

११ एप्रिल, सकाळी
तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. तीळ जसाच्या तसा. फक्त माझं पोट किंचित आत घेतलंय. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

११ एप्रिल, संध्याकाळी
आईने रस्त्यापलीकडूनच ओळखलं. पोट परत बसवतोय.