बंडाचा अर्ज, तीन प्रतींत

गुरुवार, १ ऑगस्ट १९५७
शेजारच्या पॅट्रिककडे रॉक अँड रोलची नवी रेकॉर्ड ऐकली. गाणारा पोरगा बापाचं ऐकत नाही, मास्तरांचं ऐकत नाही, आणि वर गिटार बडवत ते सांगतो. अंगावर काटा आला. मी सत्तावीस वर्षांचा सरकारी कारकून, आणि केस अजून नाना सांगतील तेवढेच ठेवतो. निश्चय: असं गाणं मराठीत लिहायचं. नानांनाही कळू दे मुलगा काय चीज आहे.

रविवार, ४ ऑगस्ट
गाणं तयार. ‘नाही ऐकणार, नाही ऐकणार, साहेब, तुमचं नाही ऐकणार!’ दुसऱ्या कडव्यात नाना आहेत. आधी ‘म्हातारा’ लिहिलं होतं, मग ‘वडीलधारे’ केलं. पॅट्रिक खूश. ३१ तारखेला वाडीच्या गणपतीपुढे मी गाणार, तो वाजवणार. केस आजपासून वाढवतोय.

मंगळवार, ६ ऑगस्ट
केस कापले. नानांनी न्हावी घरीच बोलावला होता. बंड डोक्याच्या आत असतं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
जाहीर कार्यक्रमात गायचं तर सरकारी नोकराला साहेबांची लेखी परवानगी लागते. अर्ज दिला. तीन प्रती, सोबत गाणं. हेडक्लार्क शामरावांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, बरा आहेस ना. नियम मोडून कुणीही बंड करील. नियमात राहून करायला छाती लागते.

बुधवार, १४ ऑगस्ट
ऑफिसवरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गेला. जायचंच होतं. पण अर्ज विचाराधीन असताना खिडकीतसुद्धा दिसू नये. घोषणा मनात दिल्या, जोरात.

गुरुवार, २२ ऑगस्ट
गाणं साहेबांच्या दुरुस्तीसह परत आलं. ‘नाही ऐकणार’ लाल शाईने खोडलंय, समासात ‘शक्यतो ऐकू’. पॅट्रिकला दाखवलं. त्याने गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, हे तू एकटाच गा. कलावंत लहरी असतात. दुरुस्त प्रत पुन्हा सादर केली.

शनिवार, ३१ ऑगस्ट
परवानगी आली नाही. नानांशेजारी प्रेक्षकांत बसलो. पॅट्रिकने मूळचंच गाणं गायलं. अख्खी वाडी उठून नाचली. लालबागहून आलेले गिरणीवाले तर ‘साहेब’च्या जागी ‘सरकार’ म्हणायला लागले. तीनदा वन्समोअर. मग पॅट्रिक माइकवरून म्हणाला, हे ज्याने लिहिलंय तो इथेच बसलाय, उभा राहा रे.
उठावंसं फार वाटलं. पण अर्ज अजून टेबलावर आहे. सगळ्यांबरोबर मीही मागे वळून बघितलं.

सोमवार, २ सप्टेंबर
बातमी साहेबांपर्यंत पोचली. खुलासा मागितला. लेखी दिला: माझं गाणं ‘शक्यतो ऐकू’ असं आहे, गायलं गेलं ते माझं नव्हे. तीन प्रती. प्रकरण मिटलं. डोकं लागतं.

रविवार, ८ सप्टेंबर
नाना दाढी करता करता ‘नाही ऐकणार’ गुणगुणत होते. आवडलं का, मी हळूच विचारलं. फारच, म्हणाले, त्या दिवशी कुणी उभं राहिलं नाही, म्हणजे पॅट्रिकनेच लिहिलंय, आणि काय लिहिलंय! तुझ्याच वयाचा आहे, त्याच्याकडून शीक काहीतरी. आणि परत गायला लागले, दुसरं कडवंसुद्धा.
फार वाईट वाटलं. माझं आहे हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण नाना गात होते, आणि मध्येच बोललेलं त्यांना चालत नाही.