कमलकाकूची चार दिवसांची रजा

प्रिय कमलकाकू,

तू गेल्यानंतर इतक्या वर्षांनी तुला पहिलं पत्र लिहितेय, तेही अंदमानहून. दचकू नकोस, जन्मठेप वगैरे झालेली नाही. समुद्रासमोर आरामखुर्ची आहे, तिच्यात मी आडवी पडले आहे आणि मला भयंकर राग आला आहे. काढायला इथे ओळखीचं कोणी नाही. मग तूच आठवलीस.

आज सकाळी ग्वाल्हेरहून वहिनीचा फोन आला. दादाची बायको, तू तिला पाहिलं नाहीस. फोन रोजच येतो. "ताई, बीपी किती आला? चक्कर तर नाही न आली?" मी आवाज जरासा खोल नेऊन "बरं आहे" म्हणते. आज तिने सांगितलं की माझी तब्येत सुधारावी म्हणून तिने सोमवार धरलेत. दोन्ही गुडघे गेलेली बाई, दिवसभर उपाशी राहून देवळापर्यंत चालत जाते! आणि मग हसत हसत म्हणाली, "ताई, असा एखादा छोटासा आजार मलापण होऊन जाऊ दे न. जीव घेणारा नको. बस, आठ दिवस कुठे पडून राहता येईल एवढा."

काकू, मला कसलाही आजार नाही.

मी दमले होते. सासूबाईंचं दुखणं निस्तरलं, मुलीचं लग्न निभावलं, शाळेत सबंध वर्ष शिकवलं आणि दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांना टोमणे मारले. आठ दिवस कोणी "अगं ऐकतेस का" म्हणू नये, एवढीच इच्छा होती. तशी ती मी घरात सरळ बोलून दाखवली. बाई गं! जणू मी संन्यास घ्यायला निघाले होते. "एकटी? का पण? कोणी काही बोललं का?" ह्यांचा चेहरा तर असा झाला, की आता वकील शोधतात की काय! नणंदबाईंनी तोडगा काढला, "अंदमानला चाललीस न? मग जेलचं दर्शन घ्यायला चालले, असं सांग. चांगलं दिसतं."

आपली माणसं! काळ्या पाण्याला जायला परवानगी आहे, निळ्या पाण्याला नाही.

शेवटी मी ग्वाल्हेरजवळच्या मुरारचा एक डॉक्टर मनानेच जन्माला घातला आणि त्याच्या तोंडी घातलं, "समुद्राची हवा घ्या, नाहीतर कठीण आहे." झालं! अख्खं घर मऊ पडलं. संसारात पहिल्यांदाच ह्यांनी माझी बॅग स्वतः उचलली.

आणि इथे तरी काय? हॉटेलात स्वागताला नारळ दोन. "सर पीछे आ रहे हैं, मॅडम?" सर येत नाहीयेत म्हटल्यावर काउंटरवरची पोरगी इतकी ओशाळली, की मीच तिची समजूत घातली. शेजारच्या खोलीतल्या इंदूरच्या बाई नवऱ्याचा डोळा चुकवून आल्या आणि माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "किती दिवस झाले हो त्यांना जाऊन?" मी म्हटलं, "कुठे जातायत! सोफ्यावर आहेत." हात सोडून निघून गेल्या. विधवा असते तर जेवायला सोबत केली असती.

तर, असं हसत-चिडत दिवस चालले होते. वहिनीच्या त्या वाक्याने मात्र मला उचलून थेट नई सडकेमागच्या आपल्या घरात नेऊन टाकलं. मागच्या खोलीत. तुझ्या चटईजवळ.

महिन्यातले चार दिवस तू तिथे 'बाहेरची' बसायचीस. शिवायचं नाही, काम सांगायचं नाही. जेवणाचं ताट दारातून सरकवायची जबाबदारी माझी. तू पालथी पडून मासिकं वाचत असायचीस, पाय वर हवेत! एकदा मी विचारलं, "काकू, फार दुखतं का गं?" तू म्हणालीस, "नाही गं. छान वाटतं."

तेव्हा तू पन्नाशी कधीच ओलांडली होतीस. मला अकराव्या वर्षी त्यातलं काय कळणार?

मग ती पापडांची दुपार. चौकभर बायका लाटत होत्या. आत्याबाई, तुझी थोरली नणंद, उसासा टाकून म्हणाल्या, "बिचारी कमल, या वयातही सुटका नाही तिची." आणि मी, शहाणी, मान वर करून बोलले, "बिचारी कशाला? तिला काहीच होत नाही. छान वाटतं म्हणाली!"

सगळी लाटणी थांबली. आत्याबाई खोलीच्या दाराशी जाऊन एवढंच म्हणाल्या, "कमल, नहाणं करून बाहेर ये." तू आलीस. ओल्या केसांनी पाटावर बसलीस आणि लाटायला घेतलंस. त्यानंतर तू त्या खोलीत कधी गेली नाहीस.

तू मला एक थप्पड का मारली नाहीस गं? निदान चिमटा तरी! उलट माझ्या हातावर लाटी ठेवलीस, "खा." माझ्या घशाखाली अजून उतरलेली नाही ती. पुढे तू गेलीस, तेव्हा सगळे डोळे पुसत म्हणाले, "सुटली." कशातून, हे एकानेही सांगितलं नाही. रडणाऱ्यांत बहुतेक सगळे तुझ्या हातचं जेवलेले होते.

एका बाईला दोन घटका पाठ टेकायची म्हणून विटाळाचं सोंग घ्यावं लागतं, असलं कसलं गं ते सोवळं घर? पण तुझ्यावरही माझा राग आहे. तू एकदा तरी मोठ्याने म्हणायचं होतंस, "मी दमले आहे, आज उठणार नाही." काय केलं असतं त्यांनी? हो, ठाऊक आहे. पुष्कळ काही केलं असतं. तुला ती सोय नव्हती.

मला होती! पगार माझा, तिकीट माझं, लेखणी माझी. दुसऱ्यांची ढोंगं चव्हाट्यावर आणण्यावर माझं नाव चालतं, आणि रजा मागताना मी काय केलं? तुझीच चटई टाकली. तुझ्या सोंगाने निदान कोणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

म्हणून आता हे पत्र पुरं करते आणि वहिनीला फोन लावते. तिचा यायची वाट बघत नाही. सांगते, "सोमवार सोड आणि आधी जेव. मला काही झालेलं नाही. डॉक्टर खोटा आहे, मी दमले होते म्हणून आलेय." ती चिडेल, आणि संध्याकाळपर्यंत ग्वाल्हेरभर होईल. होऊ दे. आणि राग ओसरल्यावर ती म्हणालीच, "ताई, मग मीपण येऊ?" तर "तुला काय होतंय?" असं मी तिला विचारणार नाही. शब्द देते.

तुझी,
शुभा