पाचवा आठवडा

१४ मार्च

— आणि डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोपच्या दोन नळ्या एकमेकींवर पिळल्या. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या अशा असतात, म्हणाल्या. मग पीळ सोडला. नळ्या समांतर लोंबल्या. बाळाच्या अशा आहेत. शुद्ध रक्त फुप्फुसातच फिरतं, अशुद्ध अंगभर.

कधी होतं हे, मी विचारलं.

पाचव्या आठवड्यात. आधी एकच नळी असते, तिच्यात पडदा पीळ घेत उभा राहतो. याचा सरळ उभा राहिला. पुढचं मी ऐकलंच नाही.

१५ मार्च

बाळंतपणाची फाइल काढली. पाचवा आठवडा — दोन ते आठ जुलै. मागच्या वर्षीची वही उघडली.

‘४ जुलै. अंगात ताप. डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या. बरं वाटलं.’

बरं वाटलं!

दिवस राहिल्याचं तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून काय झालं?

१६ मार्च

बाळाचे ओठ जांभळे. जन्मल्यावर मिटायची हृदयाजवळची एक वाट औषधाने उघडी ठेवली आहे, तिच्यावर जगतोय.

सिस्टर म्हणाली, “हात धुवा आणि आत या, आई. काचेतून बघून त्याला काय कळणार?” सर्दी झालीय म्हटलं. सर्दी नाही.

नवराही आत जात नाही. दाराशी मोबाइल चाळत उभा.

१७ मार्च

ऑपरेशन उद्या. संमतीच्या कागदावर सही करवेना. नवऱ्यापुढे वही टाकली. त्याने वाचलं.

“गोळ्या मीच दिल्या होत्या. विसरलीस?”

म्हणजे तोही मोजत बसला होता.

दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो, चोरी पकडल्यासारखे. त्यांनी फाइल पाहिली, वही पाहिली.

“फाइल पाळीपासून मोजते. मी गर्भ राहिल्यापासूनचं बोलत होते. दोन आठवड्यांचा फरक. चार जुलैला त्याला हृदयच नव्हतं.”

खरा पाचवा आठवडा सोळा जुलैपासून. बाहेर बाकावर बसून पानं उलटली. ‘पडदे धुतले.’ ‘भावजयीचा फोन.’ ‘१८ जुलै. काही विशेष नाही.’

काही विशेष नाही! आता कुणाला धरू?

सही केली. अक्षर माझं वाटत नाही.

१८ मार्च, सकाळ

सात वाजता नेलं. त्याआधी दोघांनी हात धुतले. बाळाने माझं बोट धरलं. सिस्टरला त्याची मूठ सोडवावी लागली.