दहावा डबा

बाबा,

परवा दुपारी मुंबईहून एक मुलगा आला होता. मुलगा म्हणजे तिशीतला असेल, पण मला आता सगळेच मुलं वाटतात. पाठीवर पिशवी, पायात बूट, आणि बोलणं इतकं मऊ की आधी वाटलं विमा गळ्यात मारायला आलाय. तो तुमच्या सिनेमाबद्दल विचारत होता. जुने सिनेमे शोधून, धुऊन-पुसून, फाटलेलं सांधून पुन्हा पाहण्याजोगे करणारी माणसं असतात म्हणे, त्यांच्यातला तो. भंडाऱ्यात एका भांड्याच्या दुकानदाराकडे, म्हणजे तुमच्याकडे, पूर्ण प्रिंट होती, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, होती, जळली. तो म्हणाला, "एखादं रीळ राहिलं असेल तरी चालेल, काकू. जगात कुठेच नाहीये ते." मी त्याला चहा दिला, वर चिवडा दिला, आणि काही राहिलं नाही असं सांगितलं. सोमवारी पुन्हा येणार आहे, दुकानाचे फोटो घ्यायला. तो गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. जिन्याखाली दहावा डबा तुम्ही ठेवलात तिथंच आहे. एकोडीहून लेकीची मुलगी सुट्टीत आली आहे, ती त्याच खोलीत झोपते. सगळ्या घरात तिथंच काय तो गारवा असतो.

ती रिळं घरी आली तो दिवस मला आठवतो. मी दुसरीत-तिसरीत असेन, दिवाळीनंतरच्या मंडयांचे, जत्रांचे दिवस होते. आंबागडकडच्या मंडईत तंबू लावणारा टॉकीजवाला त्या साली धंदा गुंडाळून निघाला होता, आणि तुम्ही दुकानातले पाणी भरायचे दोन पितळी गुंड आणि आईचा रोजचा भाताचा गंज देऊन त्याच्याकडून दहा रिळं घेऊन आलात. आई दारात उभी राहून म्हणाली, "गंज देऊन हे टिनाचे डबे आणले जी? यात भात शिजते का?" तुम्ही हसत म्हणालात, "यात एक बाई पुलावरून धावते. थे पाहून तुले भात आठवणार नाई." आई म्हणाली, "मले नाई आठवणार, पण पोराईले आठवंन." तरी तुम्ही अंगणातल्या भिंतीवर धोतर ताणून सिनेमा दाखवलात तेव्हा सगळ्यात पुढे तीच बसली होती. यंत्र चालवायला गावातल्या टॉकीजचे ऑपरेटर काका आले होते, त्यांनी शेजारी वाळूची बादली ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाले, "जुनी फिल्म म्हणजे बारूद, बेटा. वाळू पाह्यजेच." बाई खरोखर धावते. हातात कंदील, पूल लांबच लांब, आणि ती मागे वळून बघते तेव्हा कंदील हलतो. मी अजून डोळे मिटले की ती धावते.

मग व्हिडिओ आला. मी कॉलेजात जायला लागले होते. मोहल्ल्यात वर्गणी काढून टीव्ही आणि ती मशीन भाड्यानं आणायचे, लोक सतरंजीवर लागोपाठ तीन-तीन सिनेमे बघायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी कामाला जायचे. दुकानाच्या पायरीवर मात्र तुमची तिघांची वेगळीच कचेरी भरायची. तुम्ही, टॉकीजची नोकरी सुटल्यावर रिकामे झालेले ऑपरेटर काका आणि नागपूरच्या गाडीवरचे कंडक्टर काका. कंडक्टर काका सीताबर्डीच्या क्यासेटच्या दुकानातून बातम्या आणायचे. औंदा क्यासेटवर अमका सिनेमा येऊन राहिला, तमक्याची निगेटिव्ह जळली म्हणून तो येणार नाही, जुने सिनेमे रंगवून आणणार आहेत, आवाज धुऊन आणणार आहेत. "आवाज कसा धुतील बे?" तुम्ही विचारायचे. "मशीन हाय त्याची," कंडक्टर काका ठोकून द्यायचे, आणि पुढचा तासभर आवाज धुण्याचं मशीन कसं असेल यावर खल व्हायचा. गिऱ्हाईक हातात परात घेऊन उभं राहायचं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. क्यासेटवर गाणी पूर्ण ठेवतील की कापतील, हा तर रोजचा वाद. तुमच्याकडच्या प्रिंटीत तिसऱ्या रिळातलं गाणं शाबूत होतं. बाकी सगळीकडे टॉकीजवाल्यांनी ते केव्हाच कापून टाकलं होतं. हे सांगताना तुमची मान किती ताठ व्हायची. आई म्हणायची, घोडं कुठं आणि हे लगाम घेऊन बसलेत.

घोडं एक दिवस खरंच दिसलं. मुंबईची कुठलीशी व्हिडिओ कंपनी जुने सिनेमे काढणार आहे आणि तुमच्याच सिनेमाची चांगली प्रिंट शोधते आहे, असं कंडक्टर काका सांगत आले. तुम्ही कार्ड टाकलंत. उत्तर आलं, उन्हाळ्यात माणूस पाठवतो. त्या दिवसापासून तुम्ही बदललात. सिनेमा सुरू होण्याआधी पाटीवर तुमचं नाव येईल, 'भंडाऱ्याहून' असं लिहितील, हे तुम्ही आम्हाला जेवताना इतक्यांदा सांगितलं की भाऊ ताटावरून उठून जायचा. आणि मग रिळं सांभाळायची कशी, याचा घोर लागला. नदीची दमट हवा, त्यात टिनाचे डबे गंजलेले. उपाय तिघांनी मिळून काढला आणि तो तुमच्या धंद्यात बसणारा होता. आपल्या देवघरात आजोबांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तोंडाशी कथील वितळवून, झाळून बंद केलेला. त्यातलं पाणी पिढी गेली तरी नासत नाही, हे आपल्याला पाळण्यातच कळलेलं असतं. मग रीळ का नासेल? ऑपरेटर काका म्हणाले, "बराबर हाय. हवाच नाई लागली तं पेटते कशी आन् सडते कशी?" तुम्ही जाड पितळी पत्र्याचे दहा डबे ठोकलेत, एकेका डब्यात एकेक रीळ ठेवलंत आणि झाकण झाळून टाकलंत. चिंचेनं घासून असे लखलखीत केलेत की आईलाही हेवा वाटला. इतकं सुंदर काम तुम्ही दुकानासाठी कधी केलं नाहीत. जुन्या फिल्मला श्वास घ्यायला जागा लागते, कोंडली की ती आतल्या आत स्वतःलाच खाते, हे मला परवाच्या मुलानं सांगितलं. त्यालाही पुस्तकातून कळलेलं. आपल्याला कोण सांगणार होतं?

त्या उन्हाळ्यात मागच्या खोलीला वास यायला लागला. आंबूस, नाकात चढणारा, थोडा गोडही. आई दोन दिवस उंदीर शोधत होती. मग ती डब्यांपाशी वाकली आणि म्हणाली, "यातच काईतरी कुजून राह्यलं." तुम्ही चिडलात. "झाळलेल्या डब्यातून वास येते का? बाईची जात, नाक कुटं खुपसावं ते समजत नाई." संध्याकाळी आईनं माझं आणि भावाचं अंथरूण उचललं आणि पुढच्या खोलीत टाकलं. तुम्ही विचारलंत, "काहून?" ती म्हणाली, "इकडं वारा येते." वारा कुठला येतो आपल्याकडे मे महिन्यात, पण तुम्हीही पुढे विचारलं नाही. मी रोज डबे पुसायची. झाळीच्या रेघेवर हिरवट पाणी सुटायला लागलं होतं, पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका दुपारी मी चौथ्या डब्यावर हात ठेवला आणि काढला. तो कोमट होता. जिन्याखाली ऊन येत नाही. मी दुकानात येऊन सांगितलं. तुम्ही तराजूवरून नजर न काढता म्हणालात, "पितळ हाय बेटा. उन्हाळा हाय. तापते."

"पण बाजूचे गुंड तं थंडे हायेत, बाबा."

"गुंड रिकामे हायेत. भरल्या भांड्याची गोष्ट अलग असते."

मला ते पटलं. तुमचं मला सगळंच पटायचं.

मुंबईचा माणूस रोहिण्या लागायच्या सुमाराला आला. तुम्ही अंगणात पाट मांडले, अर्धा मोहल्ला गोळा झाला. दहाव्या डब्यात पहिलं रीळ होतं, ते तुम्ही बाहेर आणलंच नाही. त्यावर सिनेमाच्या नावाची पाटी होती, म्हणून ते शेवटी उघडायचं होतं. बाकीचे नऊ डबे रांगेनं ठेवलेत आणि छिन्नीनं दुसऱ्या रिळाचा डबा फोडलात. आत फिल्म नव्हती. तपकिरी चिकट गोळा होता, काकवी आटून करपावी तसा, आणि वरून फेस. अंगणभर तो वास पसरला. तुम्ही पुढचा फोडलात. तिसरं रीळ, गाण्याचं. त्याची भुकटी झाली होती. मुंबईच्या माणसानं रुमाल नाकाला लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या शेठजी. हे गेलंय." मला त्याचा राग आला होता तेव्हा. आज वाटतं, बिचारा अगदी बरोबर बोलला. "मागचे चांगले असतीन," तुम्ही म्हणालात आणि फोडत राहिलात. लोक एकेक करून पांगायला लागले. तुमच्या चेहऱ्याकडे कुणाला बघवेना. एका डब्याचं झाकण छिन्नीला ऐकेना. तुम्ही भट्टीतली तापलेली सळई उचललीत, झाळ वितळवायला. ऑपरेटर काका ओरडले, "अबे, आग नको." एवढंच मी ऐकलं.

आधी ज्वाळा दिसली नाही. फुस्स करून आवाज आला आणि पिवळा धूर उभा राहिला. मग पांढरी आग, आणि उघडे पडलेले बाकीचे डबेही धडाधड पेटले. लोकांनी पाणी ओतलं, वाळू टाकली. एक पेटलेला गोळा घरंगळत पाण्याच्या टाक्यात पडला, आणि बाबा, तो पाण्याखाली जळत राहिला. मी काठावरून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं आणि त्याच्या तळाशी आग होती. त्यानंतर मला कुठल्याच गोष्टीची खात्री वाटली नाही. तुम्ही धुरातच उभे होतात, न पेटलेले डबे लाथेनं दूर लोटत; तेही मागाहून पेटलेच. बाहेर आलात तेव्हा मिशीची टोकं तेवढी जळलेली होती, हातावर थोडे फोड. सगळ्यांना हायसं वाटलं. थोडक्यात निभावलं म्हणून आईनं देवाला साखर ठेवली.

संध्याकाळी तुम्ही पायरीवर बसून चहा प्यालात. खोकत होतात, पण बोलत होतात. कंडक्टर काका म्हणाले, दुसऱ्या कोणाकडं तरी प्रिंट निघंन, बंगालकडं, मद्रासकडं. तुम्ही मान हलवलीत. मग मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "दहावा हाय ना जाग्यावर? तो उघडू नोको देऊ कोणाले. पाऊस पडू दे, गार होऊ दे. मग आपून पाहू." पाऊस पडायच्या आत तुम्ही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास लागला, ओठ निळे पडले, आणि सरकारी दवाखान्यात दुपार व्हायच्या आत संपलं. धूर छातीत राहून मागाहून मारतो, असं डॉक्टर म्हणाले. आई त्यांना सारखं विचारत होती, "पण काल चाय पेले ना जी थे?"

डबा तसाच राहिला. फेकायचा कुठं? नदीत टाकावा तर पाण्यात जळताना पाहिलं होतं. पुरावा तर कुणाच्या शेतात? आणि तुमचा शब्द होताच. आई दर उन्हाळ्यात त्यावर ओलं पोतं टाकायची, दिवसातून दोनदा भिजवायची, शेवटचं अंथरूण धरेपर्यंत. तुमच्या फोटोला ती कधी हार घालायला विसरली असेल, पोतं भिजवायला विसरली नाही. भाऊ नागपूरला गेला, घर आणि पोतं माझ्याकडे आलं.

मला तुमचा राग येतो, बाबा. एका पाटीवरच्या नावासाठी तुम्ही गेलात, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेल. आणि परवा तो मुलगा दारातून निघताना म्हणाला, "मिळालं असतं तर त्यांचं नाव सुरुवातीला टाकलं असतं आम्ही, नेहमी टाकतो," तेव्हा मी दाराची चौकट धरून उभी राहिले. डबा त्याच्या हाती दिला आणि त्यातून भुकटी निघाली, तर तुम्ही फुकट मेलात. बंद आहे तोवर त्यात पाटी आहे, पुलाआधीचं सगळं आहे. हे खरं कारण आहे. सगळं जळालं, हे नुसतं त्याला सांगण्यापुरतं होतं.

पण आज दुपारी पोतं भिजवायला गेले तेव्हा ते कोरडं होतं. सकाळीच ओलं केलेलं. मी डब्यावर हात ठेवला. मग बाजूच्या थंड गुंडावर ठेवला, मग पुन्हा डब्यावर. भरल्या भांड्याची गोष्ट वेगळी असते, हे तुम्ही सांगितलेलं मी विसरले नाही.

सोमवार यायचा आहे. त्या मुलाचा नंबर फोनपाशी आहे, मी अजून लावलेला नाही. नातीचं अंथरूण तेवढं उचलून पुढच्या खोलीत आणलं. ती म्हणाली, "काहून, आजी?" मी म्हटलं, इकडं वारा येते. आईनं तरी दुसरं काय केलं होतं? अंथरूण हलवलं, डबा नाही.