सोन्याच्या डाव्या गुडघ्याबाबत

अमरावती,
शनिवार, दुपार

प्रिय साडूभाऊ गोवर्धनराव यांना किशोरचा मनापासून नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. दिवाळीत तुमचा झेंडू चांगला गेला, हे आरतीकडून कळलं आणि समाधान वाटलं. रागिणीताईंची सर्दी गेली का? तुमची कंबर काय म्हणते? माझं पित्त गेल्या रविवारपासून वाढलं आहे, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र. एक दिवसाआड फोनवर बोलणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. (हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. खरं आहे की नुसतं सोयीचं आहे, ते ठरेना. पुढे जातो.)

दोन वर्षांपूर्वी आपल्या मेहुण्याने, कुलदीपने, डॅलसहून घरातल्या आठ जणांना त्याच्या फुटबॉल लीगमध्ये ओढलं. चेंडू हातात धरून पळायचं असेल तर त्याला फुटबॉल का म्हणतात, हे मी तेव्हाच विचारलं होतं. उत्तर अजून यायचं आहे. तरी एवढं समजलं की संघ कागदावर आपला, खेळाडू खरे तिकडचे, ते तिकडे पळतात आणि गुण इकडे आपल्या नावावर चढतात. आणि खेळाडू दर वर्षी बदलायचा नाही. अदलाबदल करीपर्यंत तो आपल्याच दावणीला. दावण हा शब्द अर्थात मामाजींचा. आपल्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं मूर्तिजापूरच्या बाजारात बैल पारखले, त्यामुळे ती अमेरिकन नावं उच्चारण्याच्या फंदात न पडता त्यांनी माझ्या धावपटूला सोन्या आणि तुमच्या धावपटूला पाखऱ्या म्हणून टाकलं, आणि आता कुलदीपसुद्धा तेच म्हणतो. पुढच्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंतून पहिला निवडायची पाळी आपण देऊ-घेऊ लागलो, तेव्हा मामाजींनी तिलाही 'पोटातलं वासरू' असं नाव दिलं. मी क्लासमध्ये संख्याशास्त्र शिकवतो, पण यापेक्षा नेमकी व्याख्या मला सुचली नसती.

आपण दोघे सातव्या आणि आठव्या क्रमांकावर आहोत. (सासूबाई पहिल्या आहेत. त्यांनी दोन वर्षांत एकही खेळाडू बदललेला नाही, ॲपही उघडलेलं नाही.) आणि शेवटच्याला शिक्षा काय, ते तुम्हाला माहीत आहे: जानेवारीत कौंडण्यपूरला, नदीकाठी, घरच्या चाळीस माणसांसाठी गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे. जाड दळलेली कणीक आणण्यापासून वांग्याच्या भाजीपर्यंत सगळं एकट्याने. सासरच्या चाळीस माणसांसमोर धुराने डोळे चोळणारा जावई कसा दिसतो, याची कल्पना मला करता येते. ती मी सहसा करत नाही.

म्हणून मागच्या शुक्रवारी मी सोन्या काढायचं ठरवलं. तीन वेबसाइटींवर त्याची किंमत पाहिली, तिन्हींची सरासरी काढली, मग वय वजा केलं. सोन्या अठ्ठावीसचा आहे आणि या खेळात अठ्ठावीसचा धावपटू म्हातारा समजतात. (मी सेहेचाळीसचा आहे. हे गणित करताना मी मधे उठून पाणी पिऊन आलो.) तरी सरासरी चांगली होती. मनाच्या शांतीसाठी मामाजींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा पाहिला आणि म्हणाले, "जावईबापू, डावा गुडघा गेला याचा. वळनावर पाय वाचवून राहिला तो. इका याले. पन खोड सांगून इका."

खोड सांगून. बाजारातला हा रिवाज आपण दोघांनीही त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेला आहे. दावं दुसऱ्याच्या हाती देण्याआधी जनावराचा दोष सांगायचा. सांगितला की पुढे घेणाऱ्याने तक्रार करायची नाही, न सांगितला तर देणाऱ्याने पुन्हा त्या बाजारात तोंड दाखवायचं नाही. रविवारी फोनवर सोन्याच्या बदल्यात पाखऱ्या आणि वर एक पोटातलं वासरू असं ठरलं, तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, "सर, तुमी मास्तर मानूस, तुमी काहून फसवसान मले?" त्या रात्रीची माझी डायरीतली नोंद अशी आहे: 'खोटं बोललो का? नाही. खरं बोललो का? कोणी विचारलं नाही.' सोमवारी त्याखाली लिहिलं आहे: 'विचारलं होतं.'

तर गोवर्धनराव, सोन्याचा डावा गुडघा गेलेला आहे. खोड सांगितली. कुलदीपच्या नियमाप्रमाणे सौदा सात दिवसांत कोणालाही विनाकारण मोडता येतो, म्हणजे उद्या सकाळी दहापर्यंत. तुम्ही मोडलात तर मला राग येणार नाही. माझं मन आज आठवड्यात प्रथमच हलकं झालं आहे.

रागिणीताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
किशोर

ता.क. हे पत्र मी आज संध्याकाळी साध्या टपालाने टाकतो आहे. ते अकोल्याला मंगळवारी पोहोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. लिहिलं मात्र मुदतीत आहे, याची वर लिहिलेल्या वारावरून खात्री करून घ्यावी. मामाजींनी विचारलं तर तसं सांगावं, एवढीच विनंती.

ता.क. २. पाकिटाला डिंक लावत होतो, इतक्यात पोस्टमन आला. तुमच्या अक्षरातलं पाकीट आहे, अकोल्याचा शिक्का बुधवारचा. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुमचं मला पत्र आलेलं आठवत नाही. पाखऱ्याचा व्हिडिओ तुम्हीही मामाजींना दाखवला होतात का? मी ते उघडलेलं नाही. उघडलं तर उद्या दहाच्या आत मला काहीतरी कळेल, आणि कळल्यावर मला सौदा मोडावा लागेल, आणि मोडला तर सोन्या परत माझ्याकडे येईल. पाकीट फ्रीजवर ठेवलं आहे. सोमवारी शांतपणे वाचीन.

ता.क. ३. पाकीट आरतीने उघडलं. वाचून ती बराच वेळ हसली. काय लिहिलं आहे ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, चक्कीवर जाल तेव्हा थोडे गहू जाडे दळून आणा, हात आत्तापासून बसलेला बरा.