यकृत द्यायचंय ताईला

३ मार्च

नापास. रक्तगट जुळला, हृदय ठणठणीत — पण यकृतात चरबी तीस टक्के. दहाच्या खाली आली तरच त्याचा तुकडा कापून ताईला देता येईल. सर्जन म्हणाले, "सहा आठवडे देतो. त्यापुढे तुमची बहीण किती तग धरेल, सांगता येत नाही."

भावोजींचा रक्तगट जुळत नाही. दुसरं कोणी नाहीच. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, ताई पंधराची. शाळा सोडून तिने मला वाढवलं. आणि मी काय केलं? एकवीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभं राहून मोडकी बिस्किटं तोंडात टाकली.

५ मार्च

आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वाटलं, गोळ्या देतील. त्यांनी रिकामं ताट पुढे ठेवलं आणि बोटाने रेघा मारल्या. अर्धं ताट भाज्या. पाव भागात भात, नाहीतर कोंड्याचा ब्रेड. उरलेल्या पावात अंडी, मासे किंवा कडधान्यं. फळ चावून खायचं, रस काढून प्यायचा नाही. साखर बंद. रोज पाऊण तास भरभर चालायचं.

"एवढंच?"

"एवढंच रोज करून दाखवा," त्या म्हणाल्या.

६ मार्च

बिनसाखरेचा चहा. काढ्यासारखा नाक दाबून प्यायलो.

११ मार्च

ताईचं पोट पाण्याने टम्म फुगलंय. डोळे पिवळे. आज तिने मला ओळखलं नाही. "हा कोण माणूस?" असं भावोजींना विचारत होती. डॉक्टर म्हणतात, यकृत रक्त साफ करत नाही, त्याचा परिणाम मेंदूवर होतोय.

हे ताट-बीट फार सावकाश चाललंय. उद्यापासून खाणंच बंद.

१४ मार्च

तीन दिवस पाणी आणि काकडी. आज भट्टीतून ट्रे ओढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. उस्तादांनी — आमचे मुख्य कारागीर — मागून धरलं म्हणून वाचलो. पिठाच्या गोणीवर बसवून ते पाणी आणायला गेले. आणि मग — लिहायलाही लाज वाटते — समोरच्या ट्रेमधले क्रीम बन. सात खाल्ले. रडत रडत.

१५ मार्च

बाईंना सगळं खरं सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उपाशी राहून यकृत सुधारत नाही, बिघडतं. आणि कापल्यावर तुमच्याकडे उरेल ते वाढणार कशावर? हवेवर? चुकलात, झालं. पुढचं जेवण नीट जेवा. शिक्षा म्हणून उपास करू नका."

शिवाय — कामावर रिकाम्या पोटी जायचं नाही. डब्यात उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे ठेवायचे. भूक कडकडून लागायच्या आत खायचं, म्हणजे बनवर झडप घातली जात नाही.

१७ मार्च

उस्तादांनी मला भट्टीवरून काढून गोदामात टाकलं. "तिथे नुसतं पीठ आहे. खाऊन खाऊन किती खाशील?"

घरी बायको आणि मुलगीही माझंच ताट जेवतात. मुलीचं तोंड वाकडं. "बाबा, हा पाला किती दिवस?"

"आत्याचं ऑपरेशन होईपर्यंत."

तिने आणखी चमचाभर वाढून घेतलं.

२ एप्रिल

पुन्हा तपासणी. सतरा.

सतरा म्हणजे नाही. ताईला आयसीयूत हलवलंय. भावोजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. तीन दिवसांची दाढी. "तू करतोयस ते दिसतंय रे," म्हणाले, "पण जरा लवकर." लवकर कसं करू? शरीराला कुठे कळतं घाई आहे ते. संध्याकाळी ताटापुढे बसलो तर घास उतरेना. बायको शेजारी बसली. "एक घे. आता दुसरा." लहान मुलासारखं भरवून घेतलं. बेचाळीस वर्षांचा घोडा!

९ एप्रिल

कोणाशी बोललो नाही. जेवलो मात्र. तिन्ही वेळा.

१४ एप्रिल

नऊ.

सर्जननी दोनदा मोजायला लावलं. नऊच. आहारतज्ज्ञ बाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "चला, आता दुपारचं जेवून घ्या." परवा सकाळी ऑपरेशन. ताई तोवर टिकली तर. भावोजींना जवळ घेतलं तर ते अगदी हलके लागले हाताला. त्यांच्या जेवणाकडे कोणीच बघितलं नाही इतके दिवस.

२२ एप्रिल

टाके ओढतायत, अक्षर वाकडं येतंय. आज मला चाकाच्या खुर्चीतून ताईच्या खोलीत नेलं. तिने डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"किती वाळलास रे," म्हणाली. "जेवायला घालत नाहीत का तुला कोणी?"